पावतीपुस्तक नसलेली मीटिंग

शाळेचा रिकामा वर्ग, नाहीतर चर्चच्या आवारातली एखादी खोली. काही खुर्च्या, दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, चहा. एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि बोलू लागतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए या संघटनेच्या, मीटिंगला पहिल्यांदा आलेला माणूस (बहुधा बायकोने नाहीतर भावाने धरून आणलेला) बुचकळ्यात पडतो. इथे आडनाव विचारत नाहीत, वर्गणीची पावती फाडत नाहीत आणि दारूच्या दुकानांविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. आपल्याकडे संस्था म्हटली की अध्यक्ष, पावतीपुस्तक आणि मोर्चा आलाच, त्यामुळे हे जरा संशयास्पदच वाटतं. पण या सवयी ठेचा खाऊन लागलेल्या आहेत.

मे 1935. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन एका सौद्यासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. सौदा फिसकटला. दारू सोडून पाच महिने झाले होते; त्याआधी इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या होत्या. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार गजबजलेला आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चची यादी बघून फोन फिरवत सुटला. मागणं विचित्र होतं: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी, 12 मेला, डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला; एए तोच आपला जन्मदिवस मानते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की बिल उपकार करायला गेला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येक दारुड्यांना उपदेश केला होता, त्यांतला एकही सुधारला नव्हता. अ‍ॅक्रनमध्ये तो गेला ते स्वतः पिऊ नये म्हणून. ऐकणाऱ्याइतकीच गरज सांगणाऱ्याला असते, आणि आजही मीटिंग चालते ती याच हिशोबावर.

मोर्चाचं उत्तर त्याहून जुनं आहे. 1840 साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यातल्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. वॉशिंग्टोनियन म्हणून ही चळवळ झपाट्याने पसरली. 1842 मध्ये खुद्द अब्राहम लिंकनने त्यांच्यासमोर भाषण केलं. पण दारूबंदीच्या राजकारणात आणि आपसातल्या वादांत ती काही वर्षांतच विरली. एएने हा धडा नियमात बांधला: बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर मत द्यायचं नाही. आपल्याकडे बायकांनी मतदानाने बाटली आडवी केलेल्या गावातही एए गट म्हणून मंचावर दिसणार नाही, ते यामुळे. सदस्य एकटा खुशाल जाईल.

पैशाचं असंच. 1938 मध्ये अमेरिकन धनाढ्य रॉकफेलरकडे मोठ्या देणगीच्या आशेने गेलेल्या या मंडळींना त्याने 5,000 डॉलरच दिले. फार पैसा आला तर हे काम बिघडेल, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मंडळी खट्टू झाली, पण पुढे बाहेरची देणगी घ्यायचीच नाही असं ठरलं. भाडं आणि चहा निघतो तो सदस्यांनी डब्यात टाकलेल्या पैशांतून. असे बारा संकेत 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात मान्य झाले.

भारतात एए आली 1957 मध्ये, दिल्लीतल्या एका कॅनेडियन गृहस्थामुळे, पाठोपाठ मुंबईत. मुंबई राज्यात तेव्हा 1949 चा दारूबंदी कायदा होता. परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा असताना चार लोकांत "मी पितो" म्हणायला किती धीर लागला असेल! आडनाव न विचारण्याचं मोल तिथे वेगळंच ठरलं असणार.

मराठी घरांत मात्र व्यसनमुक्ती म्हटलं की आधी आठवतं पुण्याचं मुक्तांगण. 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. इथे डॉक्टर आहेत, दाखल करून उपचार आहेत, पण व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच समुपदेशक म्हणून समोर बसतो, हा धागा अ‍ॅक्रनचाच. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. बिलची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभं केलं होतं. पिणाऱ्याबरोबर घरही आजारी पडतं हे तिने सोसून ओळखलं होतं.

गट शोधायचा तर एएच्या भारतीय संकेतस्थळावर मीटिंगची यादी आहे, आणि सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे. ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी कोणीही बसू शकतं. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा. एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं; बिलसुद्धा आधी इस्पितळातच गेला होता. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. मागच्या खुर्चीवर बसून चहा पिऊन आलात तरी चालतं.