सेरेबेलिन-१

अनुमस्तिष्कातील, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातील, कणपेशी (तिथल्या चिमुकल्या चेतापेशी) बाहेर सोडतात ते एक प्रथिन. चेतापेशींमधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, जुळवणे आणि जुळलेले टिकवणे हे त्याचे काम. रचनेने ते रक्तातील पूरक प्रथिनांपैकी, म्हणजे रोगजंतूंशी लढायला मदत करणाऱ्यांपैकी, सी१क्यूच्या कुळातले. गंमत अशी, की वाढत्या मेंदूत सी१क्यू नको असलेल्या सिनॅप्सवर खूण करते आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या साफसफाईच्या पेशी ते गिळून टाकतात. कुळ एक, धंदे उलटे.

१९८४ मध्ये उंदराच्या अनुमस्तिष्कातून १६ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढला गेला. नाव त्या तुकड्याचे. अख्खे प्रथिन नंतर कळले.

सांधा कसा बसतो हे सोलापूरकराला चादरीच्या मागावरून चटकन उमगेल. पुर्किंजे पेशी या अनुमस्तिष्कातल्या मोठ्या चेतापेशी. त्यांच्या फांद्या एकाच पातळीत, पंख्यासारख्या पसरतात. कणपेशींचे समांतर तंतू त्यांना काटकोनात छेदत जातात, ताण्यातून बाणा जावा तसे. एका पुर्किंजे पेशीवर असे लाखाहून अधिक सिनॅप्स असतात. पण चादरीत फणीचा ठोका बसला की सूत सुताला भिडते. इथे मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट उरतेच. तीन-तीन घटकांच्या दोन जुड्या मिळून सेरेबेलिन-१ ची मोळी होते. ती एकीकडे समांतर तंतूवरच्या न्यूरेक्सिन या प्रथिनाला धरते, दुसरीकडे पुर्किंजे पेशीवरच्या ग्लूडी२ ला. ग्लूडी२ हा नावापुरता ग्लूटामेटचा, म्हणजे चेतापेशींमधल्या एका निरोप्या रसायनाचा, ग्राही (निरोप झेलणारे प्रथिन). ग्लूटामेट त्याला चिकटतच नाही. तो नेमका कोणाची वाट पाहतो, हे कोडे २०१० मध्ये जपानी प्रयोगशाळांनी सोडवले.

सोलापुरात संक्रांतीच्या यात्रेत खांद्यावर पेललेला उंच नंदीध्वज डोलला, की पेलणाऱ्याची कंबर आणि पावले विचार करण्याआधीच सावरतात. त्या सावरण्यामागे अनुमस्तिष्क असते. सेरेबेलिन-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर २००५ मध्ये अभ्यासले गेले, तेव्हा ते सपाट जमिनीवरही झोकांड्या खात होते. समांतर तंतूंचे सिनॅप्स जेमतेम पाचवा हिस्सा उरले होते. नवल पुढेच आहे: अशा प्रौढ उंदराच्या अनुमस्तिष्कात हे प्रथिन एकदा टोचले, की काही दिवसांत सिनॅप्स पुन्हा जुळतात, चालही सुधारते. परिणाम मात्र तात्पुरता. प्रथिन ओसरले की सांधेही सुटतात.

याचेच भावंड सी१क्यूएल१ आरोही तंतूंच्या, म्हणजे पुर्किंजे पेशींवर येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंच्या, सिनॅप्सवर काम करते. २०२० मध्ये सेरेबेलिन-१ चा भाग न्यूरोनल पेंट्रॅक्सिन-१ या सिनॅप्सवरच्या दुसऱ्या प्रथिनाच्या भागाला जोडून सीपीटीएक्स हे कृत्रिम प्रथिन घडवण्यात आले. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांची हालचाल त्याने सुधारली.