शंभर ऑक्टेन, पण कोणतं शंभर?

अमेरिकेतल्या रेस ट्रॅकवर सनोकोचं '२६० जीटी' हे अनलेडेड, म्हणजे शिसं नसलेलं, रेसिंग पेट्रोल मिळतं. त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी आपोआप न पेटण्याच्या गुणाचा आकडा, १००. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आलेल्या इंडियन ऑइलच्या 'एक्सपी१००'चा आकडाही १००च. गाडीशौकिनांच्या गप्पांत ही दोन्ही पेट्रोलं सर्रास एका पंक्तीला बसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात चार-पाच अंकांचं अंतर आहे. टर्बो इंजिनाचं बूस्ट, म्हणजे टर्बो हवा ज्या दाबाने आत ढकलतो तो दाब, वाढवून घेतलेल्या माणसाला हे अंतर माहीत नसेल, तर त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते.

भारतात पंपावर लिहिलेला आकडा असतो रिसर्च ऑक्टेन, म्हणजे रॉन. अमेरिकेत पंपावरच्या पिवळ्या चिकटपट्टीवर दिसते ती रॉन आणि मोटर ऑक्टेन, म्हणजे मॉन, यांची सरासरी. २६० जीटीचा रॉन १०५, मॉन ९५, सरासरी १००. आपल्याकडच्या १०० रॉनच्या पेट्रोलचा मॉन आठ-दहा अंकांनी कमी धरला, तर अमेरिकी हिशेबात ते ९५-९६च्या आसपास बसतं. व्हीपी रेसिंगच्या 'एमएस१०९' या पेट्रोलच्या नावातले १०९ पुन्हा रॉनचे. त्याची सरासरी १०५. पिंपावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा, हे कळल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

हा आकडा मोजतो काय? ६,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. त्यातल्या जेमतेम दीड-दोन मिलिसेकंदांत प्लगपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचते. वाटेत जळलेला वायू फुगतो आणि कडेला उरलेलं न जळलेलं मिश्रण दाबतो. दाबलं की ते तापतं. ज्योत तिथे पोचायच्या आत ते आपलं आपण पेटलं, तर एकदम भडका उडतो आणि दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटत राहतात. साधारण ८६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनात त्यांची कंप्रता सहा-साडेसहा किलोहर्ट्झच्या घरात असते. कानाला जी खडखड ऐकू येते, ते नॉकिंग. नुसत्या आवाजाने काही बिघडलं नसतं; पण पिस्टनच्या अॅल्युमिनियमला चिकटून वायूचा जो पातळसा, तुलनेने थंड थर असतो, तो या लाटा खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. आधी पिस्टनच्या कडा खवल्यासारख्या होतात, मग रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात.

कोणतं इंधन लवकर पेटेल हे बरंचसं रेणूच्या आकारावर ठरतं, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. नॉर्मल हेप्टेन म्हणजे सात कार्बनची सरळ साखळी. तापल्यावर तिच्या एका कार्बनला ऑक्सिजन चिकटतो आणि ती लवचीक साखळी स्वतःवरच दुमडून आपलाच एक हायड्रोजन खेचून घेते. त्यातून पेरॉक्साइडं बनतात, ती फुटली की आणखी क्रियाशील तुकडे सुटतात, आणि बघता बघता पेट घेतला जातो. आयसोऑक्टेनला फांद्या आहेत. त्याचे बरेचसे हायड्रोजन टोकांच्या घट्ट बंधांत अडकलेले असतात, त्यामुळे दुमडून खेचण्याची ही युक्ती त्याला नीट साधत नाही. १९२६च्या सुमारास एथिल कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या ग्रॅहम एडगर यांनी याच दोन द्रवांवरून मोजपट्टी बांधली: हेप्टेनला शून्य, आयसोऑक्टेनला शंभर. ९१ रॉनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉकिंग करणारं पेट्रोल.

चाचणीचं इंजिन एक सिलिंडरचं असतं आणि त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, चालू इंजिनातच बदलता येतो. रॉन मोजताना ते ६०० आरपीएमला चालवतात. मॉनसाठी ९०० आरपीएम, आणि मिश्रण आधीच सुमारे १४९ अंश सेल्सिअसला तापवलेलं. मॉनची परीक्षा कडक, म्हणून आकडा कमी येतो. जाहिरातींतून असा समज झाला आहे की खऱ्या रेसिंगला मॉनच महत्त्वाचा. जुन्या, टर्बो नसलेल्या, चढ्या आरपीएमला गरम हवा ओढणाऱ्या इंजिनाला तो बव्हंशी लागूही पडतो. आजच्या टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) इंजिनाला मात्र नाही. आयआयटी मुंबईत शिकलेले इंधनशास्त्रज्ञ गौतम कलघटगी यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवलं की अशा इंजिनांत दाब फार असला तरी त्या मानाने मिश्रण थंड असतं. त्यामुळे रॉन सारखाच असलेल्या दोन पेट्रोलांपैकी कमी मॉनचं पेट्रोल नॉकिंग जास्त रोखू शकतं. इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग, लावलेल्या टर्बो गाडीसाठी मी तरी रॉन आधी बघेन.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण १९८८च्या फॉर्म्युला वनमध्ये सापडतं. त्या वर्षी टर्बो गाड्यांना बूस्टची मर्यादा २.५ बार, शर्यतीला इंधन १५० लिटर आणि पेट्रोलचा रॉन जास्तीत जास्त १०२. होंडाने आपल्या दीड लिटरच्या व्ही-६ इंजिनासाठी जे इंधन वापरलं, त्यात ८४ टक्के टोल्यूइन आणि १६ टक्के नॉर्मल हेप्टेन होतं. शर्यतीच्या पेट्रोलमध्ये शून्य ऑक्टेनचं हेप्टेन कशाला? एकट्या टोल्यूइनचा रॉन मर्यादेच्या खूप वर जातो. हेप्टेन घालून तो बरोबर १०२वर आणला. टोल्यूइन जड असतं, त्याच्या एका लिटरात साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा मावते, आणि मोजणी तर लिटरमध्ये होती. अडचण एवढीच की त्याची वाफ सहज होत नाही. म्हणून इंधन तापवून इंजिनात सोडलं. त्या मोसमातल्या १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेन-होंडाने जिंकल्या.

इंधन इंजिनाच्या गरजेनुसार निवडतात, ते असं. नुसता ऑक्टेन वाढल्याने इंधनातली ऊर्जा वाढत नाही. वाढते ती मोकळीक: ठिणगी थोडी आधी टाकायची, बूस्ट थोडं वाढवायचं. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर कंपनं ऐकत असतो. नॉकिंग जाणवलं की संगणक टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, काही अंश मागे घेतो आणि ताकद उतरते. तुमची गाडी साध्या पेट्रोलवर असं टायमिंग मागे घेत असेल, तर जास्त ऑक्टेनचा फायदा लगेच दिसेल. घेतच नसेल, तर महागडं पिंप ओतूनही डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा हलणार नाही. त्यामुळे खरेदीआधी गाडीच्या संगणकातला डेटा लॉग काढून टायमिंग किती मागे जातंय ते बघणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम. ठिणगी सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या क्षणापर्यंत आणली, की त्यापुढच्या ऑक्टेनला त्या ट्यूनमध्ये काही काम उरत नाही.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. काही अनलेडेड रेसिंग पेट्रोलांत इथेनॉल किंवा ईथर मिसळलेले असतात. एक किलो साधं पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी ९. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. बाष्पीभवन होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा गार होते, हा मोठा लाभ. पण इंजेक्टर आधीच पूर्ण उघडे राहत असतील, किंवा जुना संगणक फुल थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नसेल, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नॉकिंग टाळायला आणलेलं इंधनच मग इंजिन तापवतं. असं पेट्रोल वापरायचं तर त्यासाठी इंजिनाच्या संगणकात इंधन आणि ठिणगीचा वेगळा तक्ता, म्हणजे मॅप, हवाच.

शिशाबद्दल थोडक्यात. टेट्राएथिल लेड नॉकिंग थांबवतं हे थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळलं, आणि त्यानंतरची कित्येक दशकं जगाने ते विष हवेत सोडलं. भारतात वाहनांसाठी शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, नॅस्कारने ते २००७ मध्ये सोडलं. शिसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्हींवर थर देऊन त्यांना निकामी करतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत लेडेड रेसिंग पेट्रोल एकदाही घालू नये.

रेसिंग पेट्रोल आणि पंपावरचं पेट्रोल मिसळायचं असेल, तर इथेनॉल नसलेल्या इंधनांत घनफळाप्रमाणे सरासरी काढणं बऱ्यापैकी चालतं: अमेरिकी मोजणीचं ९३ आणि १०० निम्मं निम्मं, तर ९६.५. इथेनॉल आलं की हा सरळ हिशेब चुकतो. पिंप धातूचं, घट्ट झाकणाचं आणि सावलीत हवं. अर्धवट उघडं राहिलं तर हलके घटक उडून जातात आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. इथेनॉलयुक्त इंधन दमट हवेतलं पाणीही ओढतं, कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर फारच.

ट्रॅकवरून परतताना टाकीत साधं पेट्रोल भरणार असाल, तर भरण्याआधी गाडीला साध्या पेट्रोलच्या मॅपवर आणा. नॉक सेन्सर सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका. तो भडका उडाल्यावरच ऐकतो, आणि वाढवलेल्या बूस्टवर तेवढे एक-दोन भडकेही पिस्टनला पुरतात.