मिकॅनिया वेल

(लॅ. मिकॅनिया मायक्रँथा, कुल–ॲस्टरेसी). मध्य व दक्षिण अमेरिकेतील ही बहुवर्षायू वेल दक्षिण व आग्नेय आशियात आणि पॅसिफिक बेटांवर उपद्रवी तण ठरली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाशी संबंधित शंभर घातक आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. मलयाळममध्ये तिला ‘धृतराष्ट्रपच्च’ म्हणतात. लोखंडी भीमाची कथा ठाऊक असलेल्यास या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पाने संमुख व हृदयाकृती असून फुलोऱ्याच्या प्रत्येक स्तबकात (गुच्छात) चार पांढरी पुष्पके (लहान फुले) व त्यांच्या तळाशी चार छदे (पानांसारखे लहान अवयव) असतात. अतिशय हलकी, केसांचा झुबका असलेली फळे वाऱ्याने पसरतात. पेऱ्यांनाही मुळे फुटत असल्याने तोडून टाकलेला तुकडा पुन्हा रुजतो.

भारतातील आगमनाबद्दल एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ शत्रूच्या नजरेपासून दडवण्यासाठी ती लावली, असे वारंवार सांगितले जाते. आसामातील ‘जपानी लता’ हे नाव या समजुतीला धरूनच आहे. चहामळ्यांत जमीन झाकणारे पीक म्हणून ती आणली, हे दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. इंडोनेशियात हाच क्रम नोंदला गेला आहे : 1949 मध्ये पॅराग्वायहून बोगोरच्या वनस्पति-उद्यानात आणि 1956 च्या सुमारास रबराच्या मळ्यांत. कालनिश्चितीतली खरी अडचण नावांची आहे. जुन्या नोंदींत ही जाती मि. स्कँडेन्स (उत्तर अमेरिकी) किंवा मि. कॉर्डेटा (आशियाई) या नावांखाली आढळते. मि. कॉर्डेटाच्या फळांवरील केस तांबूस व संख्येने जास्त असतात, तर प्रस्तुत जातीत ते पांढरे असतात. पेऱ्यावरील दोन देठांमधली पातळ, दातेरी पडद्यासारखी वाढ हीही ओळखीची खूण आहे. परंतु वाळलेल्या नमुन्यांत ती नीट टिकतेच असे नाही. त्यामुळे केवळ नावावरून जुनी नोंद कोणत्या जातीची, हे ठरवणे धोक्याचे आहे.

वेल झाडांवर चढून प्रकाश अडवते. रोपे व झुडपे तिच्या भाराखाली दबतात. तिच्यातील सेस्क्विटर्पीन लॅक्टोन ही रासायनिक द्रव्ये इतर वनस्पतींचे अंकुरण व वाढ रोखतात, असे प्रयोगांत आढळले आहे. तिला उजेड लागतो, म्हणून दाट सदाहरित वनात ती सहसा आत शिरत नाही; तोड झालेली जंगले, नदीकाठ व मळे ती व्यापते. केरळात पानझडी वने व सागाच्या लागवडी तिने ग्रासल्या आहेत. नेपाळमधील चितवन राष्ट्रीय उद्यानात एकशिंगी गेंड्याच्या चाऱ्याच्या वनस्पती तिच्याखाली झाकल्या जातात.

फुलोरा येण्यापूर्वी मुळासकट उपटणे हा उपाय लहान क्षेत्रापुरताच चालतो. तिच्या नियंत्रणासाठी तिच्यावर तांबेरा उत्पन्न करणारी पुक्सिनिया स्पेगॅझिनी ही कवक आसामात 2005 मध्ये व केरळात 2006 मध्ये सोडण्यात आली, पण ती टिकली नाही. पापुआ न्यू गिनी व फिजी येथे मात्र ती रुजली.