पायऱ्या चढताना दुखतं की अंथरुणावर पडल्यावर?

छातीत दुखलं की पहिलं निदान घरातच होतं, आणि तेही वय बघून. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलीच्या छातीत कळ आली तर ‘टेन्शन फार घेतेस’. तिच्या बाबांची छाती भरून आली तर ‘काल मिसळ हाणलीत ना, गॅस असणार’. असले अंदाज पुष्कळदा खरेही ठरतात, म्हणूनच चुकतात तेव्हा महागात पडतात.

दुखणं हृदयाचं की चिंतेचं हे ओळखायला डॉक्टर वयाआधी विचारतात ते, दुखणं कधी सुरू होतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या घ्या. निम्म्यावर छाती आवळून येते, कठड्याला टेकलं की दोन-चार मिनिटांत सुटते, पुन्हा चढायला लागलं की पुन्हा आवळते. हा अंजायना. हृदयाची धमनी अरुंद झालेली असते, बसल्या जागी पुरणारं रक्त श्रमाला पुरत नाही. थंडीत किंवा भरपेट जेवून लगेच चाललं तर हा त्रास लवकर होतो. चिंतेच्या दुखण्याची तऱ्हा बहुधा उलटी: तोच माणूस टेकडी सहज चढून येतो आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नुसता बसलेला असताना छाती धरतो. (खात्री करायला म्हणून मुद्दाम पर्वती चढू नका. ती तपासणी ट्रेडमिलवर, डॉक्टरांसमोर होते.)

दुसरं, दुखणं दाखवायची पद्धत. हृदयाचा पेशंट ‘दुखतंय’ असं म्हणेलच असं नाही. ‘जड झालंय’, ‘कुणीतरी पाटा ठेवलाय’ असं म्हणतो आणि आख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. कळ खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागात उतरते. चिंतेचं दुखणं बऱ्याचदा एका बोटाने दाखवता येतं: ‘इथे, बरोबर इथे.’ टोचतं आणि जातं, नाहीतर दिवसभर बारीक ठसठसत राहतं. घाबरून श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

घाम, धडधड, धाप, ‘आता मी जगत नाही’ ही भीती मात्र दोन्हीकडे सारखीच. शिवाय बायकांमध्ये, मधुमेह असलेल्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत हार्ट अटॅक नुसता थकवा, मळमळ किंवा धाप बनूनही येतो. त्यामुळे वरच्या खुणांवरून शक्यता कमी-जास्त होते, निकाल लागत नाही. तरुण आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. इंटरहार्ट या बहुदेशीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९व्या. आणि चिंतेचा आजार असलेल्यालाही धमन्या असतातच.

ईसीजीवर लोकांचा भलताच विश्वास. अंजायनाच्या पेशंटचा शांत पडल्यावर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो, अटॅकच्या सुरुवातीचाही येतो. म्हणून हॉस्पिटलात तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. एवढं सगळं होऊन हृदय ठीक निघालं, तर मात्र दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये ईसीजी काढत हिंडणं थांबवावं. चिंतेवर समुपदेशन आहे, औषधं आहेत. तिचं दुखणं नाटक नसतं, ते खरंच दुखतं.

बसल्या जागी पंधरा मिनिटं झाली तरी छातीवरचा दाब कमी होत नसेल, तर १०८ लावा. सोबत दरदरून घाम, धाप, हातात-जबड्यात कळ असेल, तर पंधरा मिनिटंही थांबू नका, लगेच लावा. आपणच अ‍ॅक्टिव्हा काढून हॉस्पिटल गाठायची पुणेरी खोड इथे नको. शेजारच्या काकांची जिभेखाली ठेवायची गोळी घेऊ नका, तिने बीपी एकदम खाली येऊ शकतं. सोडा पिऊन ढेकर आला, बरं वाटलं, यावरूनही काही सिद्ध होत नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर तो फोनवरच सांगा, आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी घ्यायला सांगितली तर ती चावून खा. दुखणं किती वाजता सुरू झालं तेवढं लक्षात ठेवा. हॉस्पिटलात ते हमखास विचारतात.