चिकुनगुनिया (मराठवाडा)

चिकुनगुनिया : एडीस जातीच्या डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप. अचानक चढणारा ताप, अंगावर पुरळ आणि मुख्य म्हणजे सांध्यांचे असह्य दुखणे ही त्याची लक्षणे. विषाणू आल्फाव्हायरस वंशातला असून त्याची आरएनए साखळी सुमारे ११,८०० घटकांची आहे. तत्कालीन टांगानिकातील (आजचा टांझानिया) माकोंडे पठारावर १९५२ मध्ये आलेल्या साथीत तो प्रथम ओळखला गेला. माकोंडे भाषेत या शब्दाचा अर्थ शरीर वाकवून टाकणारा, असा काहीसा होतो. आपल्याकडे मात्र लोकांनी नावातले ‘चिकन’ तेवढे ऐकले. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, त्याच वर्षी हा ताप आला. कोंबडी खाल्ल्याने ‘चिकनगुणिया’ होतो हा समज पक्का व्हायला एवढे पुरे होते. कोंबडीचा या रोगाशी काडीचाही संबंध नाही.

डास चावल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत ताप येतो आणि आठवड्याभरात उतरतो. सांधे मात्र काहींचे महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे धरलेले राहतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, टाच टेकवत नाही, भाकरी थापायला हात उठत नाही. मृत्यू विरळा, म्हणून दप्तरात हा रोग सौम्य ठरतो. बीडकडच्या ऊसतोड टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. तिथे एकाची मूठ वळेना झाली तर काय होते, ते मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही.

भारतात या विषाणूची पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली. पुढच्या दोन वर्षांत मद्रास, नागपूर आदी शहरांत आणि १९७३ मध्ये बार्शीला. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली असली तरी धाराशिवकडच्या माणसाला ती घरच्यासारखीच, त्यामुळे मराठवाड्यातल्या या रोगाचा इतिहास तिथूनच सुरू करावा लागतो. त्या साथीत गावातले तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक आजारी पडले. नंतर सुमारे बत्तीस वर्षे देशात मोठी साथ नाही. २००५ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकात ताप सुरू झाला, पाठोपाठ महाराष्ट्रात आला आणि मराठवाड्यातही पसरला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

जुनाच रोग परतला, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. उलगडा झाला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत. ही संस्था रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र म्हणून उभी राहिली, तीही १९५२ मध्येच. १९६३ चा कोलकात्याचा आणि १९७३ चा महाराष्ट्रातला विषाणू तिथे जपून ठेवलेला होता. नव्या रुग्णांमधला विषाणू त्यांच्या शेजारी ठेवून जनुकीय क्रम ताडून पाहिला, तेव्हा जुने दोन्ही आशियाई गटातले आणि नवा पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी गटातला निघाला. नाव तेच, पाहुणा दुसरा. हाच गट २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर आणि २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर धुमाकूळ घालत होता. त्या बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. तिथल्या आणि इथल्या प्रयोगशाळांनी आपापले क्रम खुले केले नसते तर हे नाते जुळलेच नसते.

याहून चकित करणारी गोष्ट यवतची. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात २००० साली पकडलेल्या डासांमध्ये सापडलेला विषाणूही याच आफ्रिकी गटातला होता. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच तो महाराष्ट्रात होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. नव्या विषाणूची ‘पहिली’ तारीख ही बहुधा तो आपल्याला दिसल्याची तारीख असते.

रियुनियनमध्ये या विषाणूच्या आवरणातील ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी एक बदल झाला आणि विषाणू एडीस अल्बोपिक्टस या डासात अधिक सहज वाढू लागला. केरळात २००७ मध्ये तोच बदल आढळला. मराठवाड्यात मुख्य वाहक घरात राहणारा, दिवसा चावणारा एडीस इजिप्ती. त्याला गटाराची घाण नको, स्वच्छ साठवलेले पाणी हवे, आणि ते इथे घरोघरी असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ही झाली बातमीतली टंचाई. एरवीही अनेक शहरांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. मग हौद, टिपाड, रांजण, माडीवरची टाकी, उन्हाळ्यात कूलर, गोठ्यातली डोण, सगळे भरून ठेवले जाते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळाची पाळी आणि डासाची वाढ अशी जवळपास बरोबरीने चालते. डास पावसाळ्याचा, हे इथे अर्धेच खरे.

निदानासाठी पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर, पाचव्या दिवसानंतर रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी आयजीएम चाचणी. या चाचणीचे संच पुण्याची संस्थाच पुरवते. खास औषध नाही. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामके टाळावीत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अमेरिकेत पहिली लस नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली.

प्रतिबंधाचा मुख्य उपाय आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ : सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवायची. एडीसची अंडी पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरत नाही, टिपाडाची आतली कड घासावी लागते. आठ दिवसांनी मिळालेले पाणी ओतून द्या, हे आशाताईंनी कोणत्या तोंडाने सांगायचे? बॅटरी मारून आशाताई टिपाडात वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात, घरमालकीण पाणी फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घेते आणि तळाचा गाळ अंगणात फेकते. मोठ्या टाक्यांत टेमीफॉस हे अळीनाशक टाकतात, विहिरीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. सर्वेक्षणाच्या निर्देशांकांत किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या मिळाल्या हे मोजले जाते. नळ किती दिवसांपूर्वी आला होता, हे त्यांत येत नाही.