एजिंग आउट (अमेरिकी स्थलांतर कायदा)

एजिंग आउट : पालकांच्या व्हिसावर अमेरिकेत वाढलेल्या मुलाचा आश्रित दर्जा २१ वर्षे पूर्ण होताच संपणे. पदवी हाती यायची, पहिली नोकरी शोधायची, नेमकी तीच ही वेळ. एच-१बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा तात्पुरता व्हिसा) धारकांच्या एच-४ (त्यांच्या जोडीदार व मुलांचा आश्रित व्हिसा) मुलांना याची विशेष झळ बसते. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत (कायम वास्तव्याच्या परवान्यांत) एका जन्मदेशाचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांवर रोखलेला असल्याने भारतीयांची रांग दशकांवर गेली आहे. न्यू जर्सी वा बे एरियातील मराठी घरांत ‘डेट करंट झाली का?’ म्हणजे ‘आपला क्रमांक आला का?’ हा प्रश्न दरमहा व्हिसा बुलेटिनबरोबर (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा क्रमांक आला, हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकाबरोबर) येतो.

बाल दर्जा संरक्षण कायद्याने (६ ऑगस्ट २००२) काहीसा दिलासा दिला. व्हिसा क्रमांक उपलब्ध होताना असलेल्या वयातून आय-१४० (ग्रीन कार्डासाठी सहसा नोकरी देणाऱ्या कंपनीने करायचा) अर्ज प्रलंबित राहिल्याचे दिवस वजा करतात. उरलेले वय २१ च्या आत भरले, तर आश्रिताचा हक्क टिकतो. मात्र वर्षभरात ग्रीन कार्डासाठी पाऊल उचलावे लागते. अर्ज मंजूर झाल्यानंतर रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. खरी अडचण तीच. क्रमांक ‘उपलब्ध’ केव्हा मानायचा, हाही वादाचा मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थलांतर सेवा विभागाने बुलेटिनमधील दोन तक्त्यांपैकी अर्ज भरण्याच्या तारखांचा तक्ता ग्राह्य धरला. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा अंतिम कार्यवाहीचा, बहुधा उशिरा लागू पडणारा, तक्ता लावला जातो. आधीचा अर्थ कायद्याच्या हेतूला अधिक धरून होता, असे दिसते.

एच-४वर मुलांना कमाई करता येत नाही. २०१५ पासून ठरावीक एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, मुलांना नाही. वर्गमित्र सुट्टीत पगारी इंटर्नशिप करतात. यांच्या बायोडेटातील ती जागा रिकामी राहते. अमेरिकेत जन्मलेले धाकटे भावंड नागरिक असल्याने ही तफावत एकाच घरात सोसावी लागते. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, तर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो, मग पुणे चौथ्या वर्षी का सुटलेले असेना. पुढे ओपीटीचे (शिक्षणाशी निगडित कामाच्या तात्पुरत्या परवानगीचे) १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीला आणखी २४, आणि नंतर एच-१बीची लॉटरी.

मानसिक स्वास्थ्यावरील संशोधन मुख्यतः कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांवर झाले. शाळेच्या संरक्षणातून बाहेर पडताना त्यांना आपला बेकायदेशीर दर्जा कसा उमगत जातो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी २०११ मध्ये मांडले. डाका योजनेस (लहानपणी आलेल्या, कागदपत्रांविना राहणाऱ्यांची हद्दपारी लांबवणाऱ्या योजनेस) पात्र तरुणांचा मानसिक ताण घटल्याचे ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील २०१७ च्या अभ्यासात आढळले. हे निष्कर्ष एच-४ मुलांना जसेच्या तसे लावू नयेत : त्यांचा दर्जा वैध असतो आणि तो संपण्याची तारीख लहानपणापासून घरात ठाऊक असते. डाकाचा आधारही त्यांना नाही. १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा नसणे ही त्या योजनेची अट आहे.