हॉर्सहेअर वर्म की मर्मिथिड? आधी शेपूट बघा

गेल्या पावसाळ्यात मामाकडे गेलो होतो तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीत एक मोठा हिरवा नाकतोडा पाय वर करून पडलेला दिसला, आणि शेजारी, खोटं नाही सांगत, शेवईची लांब काडी उकडून टाकावी तसा एक पांढरट दोरा वेटोळी घालत होता. वीतभर तरी असेल. आजी मागून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "नारू आहे रे तो, हात लावू नकोस." मी लगेच शहाणपणा केला, "नाही गं आजी, याला हॉर्सहेअर वर्म म्हणतात, मी वाचलंय." आजी चुकली होती हे खरं, पण मीही चुकलो होतो, आणि ते कळायला मला पंधरा दिवस आणि कॉलेजात झूलॉजी शिकवणाऱ्या एका मित्राचा मायक्रोस्कोप लागला.

नारूचं आधी मिटवून टाकू. तो माणसाचा परजीवी, मादी जवळजवळ मीटरभर वाढते आणि पायाच्या फोडातून बाहेर येते, आजीच्या पिढीने तो डोळ्यांनी बघितलाय त्यामुळे लांब पांढरा किडा दिसला की तिच्या तोंडी तेच येणार. भारतातला शेवटचा पेशंट 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. म्हणजे बादलीतला तो नारू नव्हता, आणि नाकतोड्याच्या पोटातून नारू येतही नाही. विषय संपला.

आता खरी भानगड. किड्याच्या पोटातून लांब दोरा निघाला तर तो दोनपैकी एक असण्याची शक्यता खूप जास्त. एक हॉर्सहेअर वर्म, म्हणजे नेमॅटोमॉर्फा नावाचा प्राण्यांचा आख्खा वेगळा संघ, यातला गॉर्डियस सगळ्यात प्रसिद्ध, लिनीअसने 1758 मध्येच त्याची नोंद केलेली. दुसरा मर्मिथिड, हा मात्र नेमॅटोड आहे, म्हणजे जंत, पिकाच्या मुळाला गाठी करणारा सूत्रकृमी असतो ना त्याच्याच मोठ्या खानदानातला. दोघं किड्याच्या आत वाढतात, त्याला आतून खाऊन लांबलचक होतात, शेवटी कातडी फोडून नाहीतर मागच्या टोकाने बाहेर येतात आणि बाहेर आल्यावर दोघंही काहीच खात नाहीत. वागणूक एवढी सारखी की नुसत्या वागण्यावरून ओळखायला गेलात तर फसणार.

रंगावरून ओळखा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, हॉर्सहेअर वर्म तपकिरी-काळा आणि तारेसारखा ताठ, मर्मिथिड पांढरा आणि मऊ. हे बरंचसं खरं आहे पण गोम अशी की हॉर्सहेअर वर्म यजमानाच्या, म्हणजे ज्या किड्यात तो वाढला त्याच्या, अंगातून नुकताच निघालेला असतो तेव्हा तोही फिकट पांढराच असतो, त्याची कातडी नंतर हळूहळू गडद होते. मी नेमका इथेच आपटलो. मला वाटलं आपला ताजा आहे, होईल काळा उद्यापर्यंत. रात्रभर पाण्यात ठेवला, दुसऱ्या दिवशीही शेवईच. मग मी काय केलं, तर मरू नये म्हणून काळजी घेण्याऐवजी मेडिकलमधून स्पिरिट आणलं आणि बाटलीत बुडवून टाकला, ते एक पुढे नडलंच.

मित्राने बाटली घेतली आणि पहिलं वाक्य काय बोलला तर, "डोकं राहू दे, शेपूट कुठलं ते दाखव." मला वाटलं चेष्टा करतोय. पण दोन्हींमध्ये डोक्याकडे बघण्यासारखं फार नसतंच. हॉर्सहेअर वर्मचं डोक्याचं टोक बोथट, पांढऱ्या टोपीसारखं, त्यामागे बऱ्याचदा एक गडद पट्टा, तोंड असून नसल्यासारखं. मर्मिथिडचं टोक निमुळतं आणि त्यावर संवेदनेच्या बारीक गाठी, त्या नीट मोजायच्या तर चांगला मायक्रोस्कोप हवा. शेपटीकडे मात्र सगळी पोथी उघडी असते.

गॉर्डियसचा नर घ्या. त्याचं मागचं टोक दोन फाट्यांत विभागलेलं असतं, जुन्या लाकडी कपड्याच्या चिमट्यासारखं, आणि दोन फाटे जिथे सुरू होतात तिथे क्लोअकाच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या सामाईक भोकामागे कातडीची एक अर्धचंद्रासारखी घडी असते. ही चंद्रकोर म्हणजे गॉर्डियस या जातीसमूहाची सहीच समजा. मादीचं टोक साधं, गोल. पॅरागॉर्डियस हा दुसरा हॉर्सहेअर वर्म घेतला तर उलटी मजा, तिथे मादीच्या शेपटीला तीन फाटे आणि नराच्या शेपटीला दोन लांब फाटे, पण चंद्रकोर गायब. प्रार्थना कीटकात राहणाऱ्या कॉर्डोडीसच्या नराला तर फाटेच नाहीत, खालच्या बाजूला फक्त एक खाच. मर्मिथिडमध्ये असलं काही नाही, नराची शेपूट निमुळती आणि आतून बाहेर येणारा काट्यासारखा अवयव, स्पिक्यूल, एक किंवा दोन. हॉर्सहेअर वर्मला स्पिक्यूल नसतोच. मादीचा फरक तर मला सगळ्यात आवडला कारण तो लक्षात ठेवायला सोपा आहे, मर्मिथिड मादीचं जननछिद्र शरीराच्या साधारण मध्यावर असतं आणि हॉर्सहेअर वर्मच्या मादीचं सगळं कामकाज मागच्या टोकाच्या एकाच भोकातून चालतं.

माझ्या शेवईची शेपूट निमुळती होती आणि टोकाला एक चिमुकला टोकदार शेंडा होता. मित्र म्हणाला, "मर्मिथिड, आणि तोही अजून पोरगा." मर्मिथिड यजमानातून निघतो तेव्हा प्रौढ नसतो, तो मातीत किंवा पाण्याच्या तळाशी जातो, तिथे कात टाकतो आणि मग वयात येतो. हॉर्सहेअर वर्म मात्र बाहेर पडतो तो तयार होऊनच, पाण्यात पडला की जोडीदार शोधायला मोकळा, मग नरमाद्यांचा असा गुंता होतो की त्या गाठीवरूनच, म्हणजे जुन्या ग्रीक कथेतल्या न सुटणाऱ्या गॉर्डियन नॉटवरून, त्याला गॉर्डियस नाव पडलं.

आता कातडी. नवीन जातींच्या वर्णनात पानंच्या पानं खर्च होतात ती इथेच. हॉर्सहेअर वर्मच्या क्युटिकलचे, म्हणजे या कातडीचेच, दोन मुख्य थर, आत जाड धाग्यांचा थर, एका थरातले धागे एका दिशेने तर पुढच्या थरातले आडवे जाणारे, चटईच्या विणीसारखे, म्हणून तर तो तारेसारखा ताठ लागतो. आणि बाहेरच्या थरावर अरिओल, म्हणजे बारीक उंचवटे, इतके बारीक की चिमूटभर अंगावर शेकडो मावतील. गॉर्डियसमध्ये कातडी बऱ्याचदा जवळजवळ गुळगुळीत किंवा फिकट बहुकोनी चौकटींची. कॉर्डोडीस मात्र हौशी. साधे अरिओल, फुगीर अरिओल, काट्याचे, टेंगळाचे, आणि सगळ्यात देखणे ते मुकुटवाले, ज्यांच्या डोक्यावर बारीक धाग्यांचा झुबका असतो, मादीमध्ये तो झुबका पाठीच्या आणि पोटाच्या मध्यरेषेजवळ चांगलाच लांब. एकाच किड्याच्या अंगावर एवढे प्रकार, आणि कुठला प्रकार कुठे, किती, कसा जमलाय यावरून जात ठरते. मर्मिथिडची कातडी बाहेरून गुळगुळीत. पण काही मर्मिथिडांच्या कातडीतही आडवेतिडवे धागे दिसतात बरं का, त्यामुळे "धागे दिसले म्हणजे हॉर्सहेअर" असं म्हणालात तर परत फसाल, अरिओल आहेत का ते बघा.

हे बघायचं कसं तर स्पिरिटमधला किडा घ्यायचा, मधल्या भागाचा आणि दोन्ही टोकांचा तुकडा कापायचा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढून टाकायचं, सुरकुती न पडता वाळवायचा, वर सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये घालायचा. म्हणजे आयुष्यभर नाकतोड्याच्या पोटात राहिलेल्याला शेवटी सोनं लागतं. आमच्याकडे तेवढं काही नव्हतं, साधा मायक्रोस्कोप, ग्लिसरीनचा थेंब, काचपट्टी. तरीही उजेड खालून टाकल्यावर आतलं जे दिसलं ते पुरेसं होतं. मर्मिथिडच्या आत अन्ननलिकेच्या बाजूने मोठ्या पेशींची रांग असते, मण्यांच्या माळेसारखी, आणि मागे जवळजवळ सगळ्या अंगभर ट्रोफोसोम, म्हणजे यजमानाकडून लुटलेली चरबी भरलेलं कोठार, बाहेर आल्यावर त्याच्यावरच तो जगतो. आमच्या शेवईत ते कोठार गच्च भरलेलं होतं, दाणेदार, अपारदर्शक. हॉर्सहेअर वर्ममध्ये असलं वेगळं कोठार नसतं, आतडं असतं पण कामातून गेलेलं, आणि प्रौढाच्या अंगात बहुतेक जागा बीजांडांनी किंवा शुक्राणूंनी अडवलेली. स्नायू दोघांनाही फक्त उभे, आडवे गोल स्नायू कुणालाच नाहीत, म्हणूनच दोघंही गांडुळासारखे आखडत-पसरत चालत नाहीत, नुसते वळवळतात.

आणि गंमत अशी की नवीन जातींच्या बाबतीत ही सगळी शेपूट आणि कातडी बघूनही कधीकधी भागत नाही. 2012 मध्ये बेन हॅनेल्ट, मॅथ्यू बोलेक आणि हॅम्बुर्गचे अँड्रियास श्मिट-ऱ्हेसा यांनी केनियातून पॅरागॉर्डियस ओबामाई जाहीर केला, नाव अर्थात बराक ओबामांवरून कारण त्यांच्या वडिलांचं मूळ केनियात. तीन फाट्यांची शेपूट असलेल्या माद्याच माद्या, नर औषधालाही नाही. लॅबमध्ये रातकिड्यांतून वाढवल्या तरी पुढची पिढी माद्यांचीच. त्या संघातली नराशिवाय पिल्लं घालणारी ही पहिली जात ठरली. आता मघाशी मी म्हटलं की नराची शेपूट सगळं सांगते, आणि इथे नरच नाही, मग करा काय करायचं ते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची, गॉर्डियस टेरेस्ट्रिस, 2019. बाकीचे हॉर्सहेअर वर्म पाण्याशिवाय अडतात, हा मात्र जमिनीवर, ओल्या मातीत आयुष्य काढतो. प्रौढ किडा बघितला तर तिथल्या गॉर्डियस रोबस्टस नावाने ओळखल्या जाणाऱ्या किड्यासारखाच, चंद्रकोर वगैरे सगळं सारखं. फरक पडला डीएनएत आणि अंड्यात. याच्या अंड्याभोवती दोन पापुद्रे, एकात एक, मध्ये मोकळी जागा. मातीत सुकून जाऊ नये म्हणून ही सोय असावी असा माझा अंदाज, पण जात वेगळी ठरवायला तो दुसरा पापुद्रा कामी आला. तो रोबस्टस तरी एकच जात आहे का, तर तेही नाही, 2015 च्या डीएनए अभ्यासात त्या एका नावाखाली निदान 8 जाती लपलेल्या निघाल्या. मग 2020 मध्ये तैवानच्या मध्यम उंचीच्या डोंगरांतून गॉर्डियस चियाशानस आला, त्याचा यजमान मिलिपीड, म्हणजे आपल्याकडे वाणी किंवा पैसा म्हणतात तसला किडा, आणि ओळखीची खूण पोटाच्या बाजूला डोक्याकडे उभी पांढरी रेघ. इतका सरळ नशिबाचा मामला नेहमी नसतो.

सगळ्यात खात्रीचा फरक दिसतो तो पिल्लांत. हॉर्सहेअर वर्मची नुकती जन्मलेली अळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून छोटी, मधोमध आडवा पडदा, पुढच्या अर्ध्या भागात सोंड आणि तिच्याभोवती आकड्यांची तीन कडी. ती पाण्यातल्या छोट्या किड्यांत, गोगलगायींत शिरते, स्वतःभोवती कोष करून वाट बघत पडून राहते, आणि तो किडा रातकिड्याने खाल्ला की मगच तिचं खरं आयुष्य सुरू होतं. आकडे हवेत ते यासाठीच. मर्मिथिडच्या पिल्लाला आकड्यांचं कडं नाही, ते आधीपासूनच एक छोटासा जंत, तोंडात सुईसारखा काटा. मच्छरांच्या अळ्यांत शिरणारा रोमॅनोमर्मिस याच सुईने भोक पाडून घुसतो, त्यातली आयेंगराय ही भारतातली जात 1964 पासून नोंदलेली आहे आणि डास आटोक्यात आणायला ती वापरून बघितली गेलीय. नाकतोड्यातल्या मर्मिस नायग्रेसेन्सचा रस्ता आणखी वेगळा, पाऊस पडल्यावर मादी जमिनीतून वर येऊन गवतावर चढते आणि पानांवर अंडी चिकटवते, नाकतोडा पानासकट ती खातो.

युरोप-अमेरिकेत लोकांना वाटायचं की घोड्याचा केस पाण्याच्या हौदात पडला की त्याचा किडा होतो, नाव त्यावरूनच. जोसेफ लायडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात घोड्याचे केस महिनोन्महिने पाण्यात ठेवून बघितले, एकही हलला नाही. रात्रभर पाण्यात ठेवून रंग बदलायची वाट बघणारा मी काही फार वेगळा नव्हतो.

दोन्ही माणसाला काही करत नाहीत हे आजीला सांगून झालं, तिला पटलं असं वाटत नाही. कुणाला असा दोरा मिळाला तर ज्या किड्यातून निघाला तो किडाही सोबत ठेवा आणि शेपटीचा जवळून फोटो घ्या, अंगाच्या गुंत्याचे दहा फोटो नकोत. काळपट आणि बोथट असेल तर स्पिरिट चालेल. पांढरा आणि निमुळता असेल तर थांबा, ओल्या मातीत जिवंत ठेवा, कारण मर्मिथिडची जात ठरवायला प्रौढ लागतो. माझा मी पहिल्याच दिवशी बाटलीत बुडवला होता, म्हणून मित्राने लेबलवर नुसतं "मर्मिथिड, पिल्लू, नाकतोड्यातून" एवढंच लिहून दिलं.